ज्यूरी, लोकमत व पोलिसांवरील खटले

ज्यूरी, लोकमत व पोलिसांवरील खटले : फौजदारी खटल्यातील वस्तुस्थितीविषयक प्रश्नांचा निर्णय शपथबद्ध सामान्य नागरिकांच्या मंडळाकडे सोपविण्याच्या पद्धतीस ज्यूरी पद्धती म्हणतात. कायद्याचा अर्थ न्यायाधीशाने विशद करावयाचा आणि आरोपी दोषी आहे किंवा नाही हे ज्यूरीने ठरवावयाचे, अशी ही विभागणी असते. राजसत्तेच्या रोषास बळी पडू शकणाऱ्या व्यक्तीस समाजातील समानांकडून न्याय मिळावा, हा या पद्धतीचा मूळ हेतू होय. आरोपी स्वतःच राजसत्तेचा सेवक, विशेषतः पोलीस असेल, तर मात्र हा हेतू उलटा होतो. अशा खटल्यांत ज्यूरी पोलिसांच्या बाजूने पूर्वग्रहदूषित असण्याचा आणि प्रक्षुब्ध लोकमताच्या दडपणाखाली येण्याचा, असे दोन्ही धोके संभवतात.

ज्यूरीची निष्पक्षता प्रथमतः तिच्या रचनेवर अवलंबून असते, हे मुंबईतील ब्रिटिश अमदानीच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीतील सहा यूरोपीय सदस्यांनी त्यांना दोषी, तर तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष ठरविले. १९०८ च्या खटल्यातील ज्यूरीत सात यूरोपीय व दोन पारशी होते आणि निर्णयही सात विरुद्ध दोन असाच झाला. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. तिच्या निषेधार्थ मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. तथापि निकालावर त्याचा काहीही परिणाम होणे शक्य नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात याच्या उलट स्थिती नानावटी खटल्यात दिसून आली. नौदलातील कमांडर के. एम्. नानावटी यांच्यावर २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांचा गोळ्या झाडून खून केल्याचा आरोप होता. खटला चालू असताना आर्. के. करंजिया यांच्या ब्लिट्झ साप्ताहिकाने नानावटींचा उघड पुरस्कार केला. नऊजणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीश आर्. बी. मेहता यांना हा निर्णय मान्य न झाल्याने त्यांनी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतुदीनुसार प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये नानावटींना जन्मठेप दिली व सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. मध्यंतरी राज्यपालांनी शिक्षेस स्थगिती दिली होती. १९६४ मध्ये नानावटींना माफीही मिळाली.

या खटल्यामुळे भारतातील ज्यूरी पद्धती नष्ट झाली, असा समज रूढ आहे. तो अर्धसत्य होय. विधी आयोगाने आपल्या १९५८ मधील चौदाव्या अहवालात, म्हणजे या घटनेपूर्वीच, ती रद्द करण्याची शिफारस केली होती. १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. त्यामुळे पोलिसांवरील खटल्यांतील ज्यूरीची कसोटी त्यानंतर प्रामुख्याने इतर देशांत पहावयास मिळते.

अमेरिकेत लॉस अँजेल्स येथे १९९१ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकास पोलिसांनी केलेल्या मारहाणीचे चित्रण सर्वत्र दाखविले गेले. प्रसिद्धीमुळे निष्पक्ष ज्यूरी मिळणार नाही, या कारणास्तव खटला कृष्णवर्णीयांची वस्ती तुरळक असलेल्या व्हेंचुरा परगण्यात हलविण्यात आला. तेथील ज्यूरीने २९ एप्रिल १९९२ रोजी चार पोलिसांपैकी कोणासही दोषी ठरविले नाही. त्यानंतरच्या दंगलीत पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९९३ मध्ये संघीय न्यायालयातील दुसऱ्या खटल्यात दोन पोलीस दोषी ठरले. मिनीॲपोलिस येथील जॉर्ज फ्लॉइड हत्येच्या खटल्यात (२०२१) न्यायालयाने स्थलांतराची मागणी फेटाळली. ज्यूरीची निवड चालू असतानाच शहराने मृताच्या कुटुंबास २ कोटी ७० लाख डॉलर देण्याची तडजोड जाहीर केली. त्यामुळे निवडलेल्या दोन सदस्यांना वगळावे लागले. ज्यूरीने आरोपी पोलीस डेरेक शॉव्हिन यास दोषी ठरविले. लोकमतापासून दूर नेलेल्या ज्यूरीचा निर्णय आपोआप निष्पक्ष ठरत नाही, हे यांतील पहिल्या खटल्यावरून दिसते.

ज्यूरी नसली, तरी हा प्रश्न संपत नाही, हे महाराष्ट्रातील दोन प्रकरणांवरून दिसून येते. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, यावरून संमतीचे अनुमान काढणाऱ्या या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून देशव्यापी आंदोलन उभे राहिले. आरोपींची सुटका कायम राहिली. परंतु १९८३ च्या सुधारणा अधिनियमाने, कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात लैंगिक संबंध सिद्ध झाला व पीडितेने संमती नाकारली, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद झाली.

दुसरे प्रकरण नवी मुंबईतून सुरू झाले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया यास एका मित्रासह वाशी येथून नेण्यात आले आणि त्याच दिवशी वर्सोवा येथे तो चकमकीत मारला गेल्याचे मुंबई पोलिसांनी जाहीर केले. त्याच्या वकील भावाने उच्च न्यायालयात दाद मागितली. दंडाधिकारी चौकशीनंतर न्यायालयाने २००९ मध्ये विशेष तपास पथक नेमले. २०११ मध्ये, साक्ष होण्याच्या सुमारास, त्या मित्राचाच खून झाला. सत्र न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरविले. राज्य शासनाने २०१५ मध्ये अकराजणांच्या शिक्षा स्थगित केल्या. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने बहुतेक पोलिसांची दोषसिद्धी कायम ठेवून निरीक्षक प्रदीप शर्मा यांची सुटका रद्द केली व त्यांना जन्मठेप दिली. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील झाले.

ज्यूरी गेल्याने दडपण नाहीसे झाले नाही. त्याची जागा तेवढी बदलली. पोलिसांवरील खटल्यात आरोपी व तपास यंत्रणा बहुधा एकाच दलातील असतात, म्हणून खरा ताण निर्णय देणाऱ्यापेक्षा तपास अधिकारी व साक्षीदार यांच्यावर पडतो आणि निकालानंतर तो शिक्षा माफ करण्याचा अधिकार असलेल्या शासनाकडे वळतो. लोकमताचे स्थानही त्यावरूनच ठरते. निर्णयापूर्वी निर्णय देणाऱ्यावर पडलेला त्याचा भार न्यायास मारक ठरतो. परंतु स्वतंत्र तपासाची मागणी करणारे आणि निकालानंतर कायद्यातील उणीव दाखविणारे लोकमत न्यायास पूरक ठरते. नानावटी व देसाईगंज प्रकरणांतील फरक हाच होय.