वाघ हलवायचा की नाही, हे गणिताला कसं विचारतात?

मार्च 2021 मध्ये टिपेश्वरचा एक तरुण नर वाघ शेकडो किलोमीटर चालत आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात आला. मग एक वाघीण आणून सोडली की झालं, नाही का? इथेच मॉडेल लागतं.

आधी पोटाचा हिशोब. एक वाघ वर्षाला साधारण 50 मोठे प्राणी मारतो. जंगलातल्या अशा प्राण्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपासच शिकार झाली तर त्यांची संख्या टिकते. म्हणजे एका वाघामागे अंदाजे 500 हरणं, नीलगायी, रानडुकरं हवीत.

मग नशीब. 'व्हॉर्टेक्स' नावाचं सॉफ्टवेअर (फुकट मिळतं) प्रत्येक वाघाचा जन्म, जोडी, मृत्यू जणू फासे टाकून ठरवतं आणि शंभर वर्षांचा हा खेळ हजार वेळा चालवतं. समजा 300 वेळा वाघ संपले, तर धोका 30 टक्के. एकाच जोडीवर भरवसा ठेवला तर? चार पिल्लं झाली तरी सगळी नर किंवा सगळ्या मादी निघण्याची शक्यता 8 पैकी 1. दर काही वर्षांनी एक बाहेरची वाघीण टाकून पुन्हा रन करा, आकडा बदलतो.

2023 मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, तिथे नर आधीपासून होते. गौताळ्यात मात्र, माझ्या मते, वाघिणीआधी हरणं मोजायला हवीत. इनपुट चुकला तर हजार रनही चुकतात.