लांकूड, धातु आणि बर्फ

बर्फाच्या उतारावरून वेगानें खालीं येणारा स्कीपटु पाहिला म्हणजे आपण त्याच्या धाडसाचें कौतुक करतों. पायांखालच्या त्या दोन लांब पट्ट्यांकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः त्या धाडसाचा मोठा भार त्याच वाहत असतात. स्की लांबीच्या दिशेनें वांकली पाहिजे, नाहीं तर ती उंचसखल भूमीला धरून राहणार नाहीं. पण तिनें पीळ खातां कामा नये, कारण पिळली कीं तिची कड कठीण बर्फावरून सुटते. शिवाय ती हलकी हवी, आणि तरीहि थरथरतां कामा नये. या परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालण्यांत कारागिरांचीं शंभर वर्षें गेलीं.

नॉर्वेंतील टेलेमार्क प्रांताच्या सोंद्रे नूरहाइम यांनीं १८६८ सालीं क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरीं, आपलें कौशल्य दाखविलें. मध्यभागीं किंचित् अरुंद असलेली स्की त्यांच्याच नांवाशीं जोडली जाते. अशी स्की कलती केली कीं ती आपोआप वळण घेते. पण ती एकाच लांकडाची असे. ओल लागली कीं तिला बांक येई आणि कडा झिजत. १९२६ सालीं साल्झबुर्गकडील रुडोल्फ लेट्नर या हिशेबनीसानें पोलादी कडांचे तुकडे स्क्रूंनीं बसविण्याचें पेटंट घेतलें. पुढें १९३० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या लांकडांचे थर सरसानें जोडण्याची पद्धत नॉर्वेंत रूढ झाली.

खरी क्रांति केली ती बाल्टिमोरच्या विमान-कारखान्यांतील अभियंते हॉवर्ड हेड यांनीं. विमानाच्या बांधणींत दोन पातळ पत्र्यांमध्यें हलका गाभा ठेवून तें सारें चिकटविलें, तर थोड्या वजनांत विलक्षण ताठपणा येतो. पत्रे ताण व दाब सोसतात. गाभा त्यांना एकमेकांपासून दूर राखतो. हेंच तत्त्व त्यांनीं स्कीला लावलें आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्यें मधाच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा भरला. १९४७ च्या डिसेंबरांत व्हर्मांटमधील स्टो येथें शिक्षकांनीं त्यांच्या सहा जोड्या पारखल्या, आणि त्या सर्व मोडल्या!

हेड खचले नाहींत. नोकरी सोडून ते हिंवाळ्यामागून हिंवाळा नव्या स्की बनवीत राहिले, आणि त्या मोडतच राहिल्या. शेवटीं पोकळ गाभ्याच्या जागीं प्लायवुड आलें. बर्फ धातूला चिकटूं नये म्हणून तळाला प्लॅस्टिक आलें. कडेला अखंड पोलादी पट्टी आली. १९५० सालीं ही स्की बाजारांत आली. तिच्यावर वळणें इतकीं सुलभ झालीं कीं लोक तिला ‘लबाड’ म्हणूं लागले. १९६० सालीं स्क्वॉ व्हॅली येथील ऑलिंपिकमध्यें फ्रान्सच्या जां व्हुआर्ने यांनीं धातूच्या स्कीवर उताराची शर्यत जिंकली. धातूचा कंप शमविण्यासाठीं त्याच दशकांत रबराचे पातळ थर घालण्यांत आले, आणि कांचतंतूंच्या स्कीहि पुढें आल्या.

परंतु लांकूड हद्दपार झालें नाहीं. आजहि अनेक उत्तम स्कींच्या गाभ्यांत लांकडाचेच पट्टे असतात, कारण लवचिकपणा आणि कंप जिरविण्याची शक्ति हीं दोन्हीं त्यांत एकत्र सांपडतात. हेड यांना यश आलें तें लांकडाला हांकून लावल्यानें नव्हे, तर त्याला योग्य जागा दिल्यानें.