स्टीलचं घड्याळ सोन्यापेक्षा महाग झालं, पण वाचलं कोण?

 

क्रिकेटपटू आणि सिनेनटांच्या मनगटावरच्या घड्याळांचे रील सध्या सगळीकडे फिरतायत. त्यात एक अष्टकोनी, स्टीलचं घड्याळ हमखास दिसतं. ऑडेमार पिगे या स्विस कंपनीचं 'रॉयल ओक'. किंमत लाखांत. आणि सोबत एक ठरलेलं वाक्य, 'या एका घड्याळानं बुडणारा स्विस उद्योग वाचवला.' मला हे वाक्य खटकतं. घड्याळ थोर आहे, वादच नाही. पण उद्योग वाचला म्हणजे नेमकं कोण वाचलं?

आधी घड्याळाची गोष्ट सांगतो. ज्युरा डोंगररांगेतल्या ल ब्रासु या छोट्या गावात १८७५ साली ही कंपनी सुरू झाली. शंभर वर्षं त्यांचं नाव होतं ते बारीक, पातळ, सोन्याच्या घड्याळांसाठी. स्टील म्हणजे साध्या, रोजच्या वापराचं. श्रीमंत माणूस स्टीलसाठी मोठे पैसे मोजेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

कंपनीचे प्रमुख जॉर्ज गोले यांनी मात्र तोच डाव खेळायचं ठरवलं. जेराल्ड जेंटा नावाच्या डिझायनरला त्यांनी दुपारी चारला फोन केला, 'आजवर कुणी केलं नाही असं स्टीलचं घड्याळ हवंय, चित्र उद्या सकाळी द्या.' जेंटांनी रात्रीत ते काढलं. ही हकीगत स्वतः जेंटाच सांगायचे. पाणबुड्याचं शिरस्त्राण कसं नटबोल्ट आवळून घट्ट बसवतात, ते त्यांनी लहानपणी जिनिव्हात पाहिलं होतं. त्यावरूनच काचेभोवतीची अष्टकोनी कडा आणि तिच्यावरचे आठ स्क्रू आले. हे स्क्रू पांढऱ्या सोन्याचे. एरवी जो सांधा लपवायचा, तोच त्यांनी दागिन्यासारखा वर मांडला.

१९७२ च्या बाझेलच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. रुंदी ३९ मिलिमीटर, त्या काळाच्या मानानं दांडगं. किंमत सुमारे ३,३०० फ्रँक, म्हणजे कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त. पण हा नुसता जाहिरातीचा खेळ नव्हता. स्टील इतकं चिवट, की त्याला असे धारदार कोन देणं आणि हातानं घासून चमकवणं सोन्यापेक्षा अवघड. पहिले नमुने तर पांढऱ्या सोन्यात केले होते, कारण ते घडवायला सोपं! म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजत होतं ते धातूचे नव्हे, कारागिराच्या हाताचे. माझ्या मते या घड्याळाचं खरं मोठेपण इथं आहे.

सुरुवातीला विक्री संथ होती, मग जम बसला. १९७६ साली पाटेक फिलिपनंही जेंटांचंच 'नॉटिलस' आणलं, तेही स्टीलचं. महागड्या स्टील घड्याळांचा वेगळा बाजारच उभा राहिला.

आता रीलमध्ये नसलेली बाजू. २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सेइकोनं 'ॲस्ट्रॉन' हे क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विक्रीला ठेवलं. गंमत म्हणजे क्वार्ट्झ स्विस लोकांना नवं नव्हतं. न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत त्यांचे नमुने १९६७ सालीच तयार होते. कमी पडली ती घाई. ॲस्ट्रॉन महागच होतं, पण पुढच्या काही वर्षांत क्वार्ट्झ स्वस्त होत गेलं. त्यात फ्रँक वधारला. १९७० साली एका डॉलरला चार फ्रँकांहून जास्त मिळायचे, १९७८ पर्यंत दोनही मिळेनात. परदेशी गिऱ्हाइकाला स्विस घड्याळ परवडेना.

परिणाम? १९७० साली या उद्योगात सुमारे ९०,००० कामगार होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर उरले जेमतेम ३० हजारांच्या वर. रॉयल ओक बाजारात होतं, तरी दर तीन माणसांतली जवळजवळ दोन घरी गेली. ज्युरातल्या कित्येक गावांचं पोट घड्याळांवर होतं, तिथं काय झालं असेल ते गिरणी संपानंतरची गिरणगावाची दशा पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

उद्योग सावरला तो आणखी एका घड्याळामुळे. १९८३ साली प्लॅस्टिकचं 'स्वॉच' आलं. फक्त ५१ भाग, किंमत ५० फ्रँकांच्या आत. अडचणीतल्या दोन मोठ्या कंपन्यांचं विलीनीकरणही त्याच वर्षीचं. निर्यातीचे आकडे पुन्हा वर गेले. पण कमी भाग म्हणजे कमी हात. गेलेले सगळे कामगार काही परत आले नाहीत.

आपल्याकडेही क्वार्ट्झची लाट आलीच की. जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. जावयाला लग्नात एचएमटी देणं ही आपल्या गावागावातली शान होती. १९८४ साली टायटन कंपनी उभी राहिली, तीच मुळी क्वार्ट्झवर भर देऊन. क्वार्ट्झ घड्याळं एचएमटीनंही काढली होती, पण बाजार हातचा गेला तो गेलाच. २०१६ साली केंद्रानं ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आता जुनी 'जनता' आणि 'पायलट' घड्याळं शौकीन लोक शोधून शोधून घेतात. शौकिनांचा बाजार तेजीत आहे, कारखाना नाही.

खुद्द जेंटा २०११ साली गेले. त्यांचं स्वतःचं रॉयल ओक २०२२ च्या लिलावात २० लाख फ्रँकांहून जास्त किमतीला गेलं. त्या चित्राचं आणि त्या हातांचं मोल झालं, चांगलंच झालं. पण वस्तूला भाव येणं वेगळं आणि धंदा वाचणं वेगळं.

म्हणून, यापुढे कुणी 'एका ब्रँडनं अख्खा धंदा वाचवला' असं सांगितलं, मग तो धंदा कुठलाही असो, तर दोनच प्रश्न विचारा. आधी किती जण कामाला होते? आणि आता किती उरलेत?

तुमच्या घरात कुणाचं जुनं एचएमटी अजून चालू असेल, तर कमेंटमध्ये जरूर सांगा.