तीन हजार ते सहा कोटी : डॉक्टर, कोर्ट आणि विमा

परवा मुलुंडला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो होतो. काका आता सत्तरीचे. दवाखान्याची पाटी उतरवलीय, पण टेबलावर विम्याच्या हप्त्याचा कागद होता. म्हटलं, "काका, दवाखाना बंद, मग हा विमा कशाला?" ते म्हणाले, "अरे, पेशंट बंद झाले. जुन्या केसेस नाही ना!" त्या वाक्यामागचा इतिहास आज सांगतो.

गोष्ट सुरू होते कोकणात, मे १९५३ मध्ये. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर २० वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. तीन दिवसांनी त्याला पुण्याला आणलं, आणि त्याच रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर, दौंडचे. त्यांचं म्हणणं, भूल न देता जोर लावून हाड बसवलं, तो धक्का मुलाला सोसला नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारण दिलं होतं फॅट एम्बॉलिझम. म्हणजे डॉक्टर विरुद्ध डॉक्टर! खटला मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेला. १९६८ साली वडिलांच्या बाजूचा निकाल कायम झाला. भरपाई किती? ३,००० रुपये.

'जोशी विरुद्ध गोडबोले' हा निकाल वकील आजही काढतात. केस हाती घ्यावी का, उपचार कोणता द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी काळजी घ्यायला हवी, असं त्यात सांगितलंय.

पण तेव्हा दावा म्हणजे दिवाणी कोर्ट, कोर्ट फी आणि वर्षानुवर्षं तारखा. मग १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. १३ नोव्हेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पैसे घेऊन केलेले उपचार ही 'सेवा'च आहे. पेशंट ग्राहक झाला. १९९६ मध्ये मुंबई हायकोर्टाने केसपेपरची प्रत पेशंटला द्यायला सांगितलं. २००२ च्या नियमांनी त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली.

आता अंधेरी-बोरिवलीतली छोटी नर्सिंग होम डोळ्यांसमोर आणा. मालक, सर्जन, सगळं एकच माणूस. दावा आला तर भरपाई त्याच्याच खिशातून. म्हणून विमा. त्यात २०१३ साली कोलकात्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सुमारे ६ कोटींची भरपाई दिली, आणि विम्याची किती रक्कम पुरेशी, हा हिशोबच बदलला.

या विम्यात एक गोम आहे. चूक कधी झाली एवढ्यावर भागत नाही, दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू लागते. मध्ये खंड पडला तर मागची वर्षं उघडी पडू शकतात. काका हप्ता भरतात तो याचसाठी.

तुरुंगवास मात्र विमा टाळू शकत नाही. २००५ मध्ये कोर्टाने म्हटलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचारादरम्यान तसं घडलं तर डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत. नव्या ग्राहक कायद्यातून आपण सुटलो, असा दावाही डॉक्टरांच्या एका संघटनेने केला. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला.

काका म्हणाले, "पूर्वी रात्री कुणी जखमी आला की मीच टाके घालायचो. नंतर नंतर मोठ्या हॉस्पिटलात पाठवायला लागलो." त्या पेशंटचा वेळ गेला, पैसे गेले. पण दौंडच्या त्या बापाचा प्रश्नही खोटा नव्हता. मला वाटतं, ३,००० रुपयांसाठी १५ वर्षं कोणी भांडत नाही. एकाला मुलाचं उत्तर हवं होतं, दुसऱ्याला आपलं नाव राखायचं होतं. विम्यातून यातलं काहीच मिळत नाही.

तुम्ही मात्र केसपेपरची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि डॉक्टर समजावून सांगत असतील तर तेवढा वेळ बसून ऐका. भेटू पुढच्या भागात.