जाझ आमच्या कानी आला तो कसा?

जाझ हे परक्यांचे संगीत, त्यात आपणांस काय कळणार, असे आम्ही पुष्कळ वर्षे म्हणत आलो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्या दालनात सामान्य मुंबईकरास प्रवेश कोठला? परंतु गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांनी ती विद्या उचलली. त्यांपैकी चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हे ट्रंपेटवादक सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले आणि १९५१ च्या ‘अलबेला’तून तो ठेका आमच्या ओठी बसला. नाव ठाऊक नसतानाच आम्ही जाझच्या वाऱ्याला लागलो होतो!

पुढे नीट ऐकू लागल्यावर उमगले, की ठरलेल्या स्वरमेळांच्या आवर्तनात वादक दर खेपेस नवी वाट काढतो. समेवर जीव लावून ख्याल ऐकणाऱ्यास हे अगदीच अनोळखी नव्हे. चाली आम्ही जपल्या; वाजविणाऱ्यांची नावे मात्र विचारलीच नाहीत. रसिक म्हणवून घ्यावयाचे, तर हे ऋण आधी मान्य केले पाहिजे.