पावसाच्या मुलखातला ओसाड कातळ

वाळवंट म्हटले की मुले सहारा किंवा थर सांगतात. मालवण तालुक्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी वैशाखात कुडोपीच्या सड्यावर काळाकभिन्न कातळ आणि वाळके गवत एवढेच दिसते. पाऊस कमी म्हणून जमीन ओसाड, हे उत्तर इथे चालत नाही.

गंमत म्हणजे 'वाळवंटीकरण' हा शब्द १९४९ साली ज्यांनी रूढ केला, त्या फ्रेंच वनशास्त्रज्ञ ओब्रेव्हिल यांच्या डोळ्यांसमोर वाळूचे ढीग नव्हतेच. आफ्रिकेच्या पावसाळी पट्ट्यात जंगलतोड आणि वणवे यांमागोमाग उघडी पडलेली जमीन त्यांनी पाहिली होती. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या कराराने व्याख्या कोरड्या प्रदेशांपुरती ठेवली, त्यामुळे कोकण तिच्यात बसत नाही. ओब्रेव्हिल यांच्या अर्थाने मात्र आपले उघडे डोंगरउतार बसतात.

कातळ घडवला तो पावसानेच. उष्ण हवेत पाण्याबरोबर खडकातली सिलिका लाखो वर्षे वाहून जाते. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. हाच जांभा. खाणीतून काढताना तो चिरे पाडण्याइतका मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. त्यावरची वीतभर माती झाडांच्या मुळांनी धरलेली असते. कुमरी शेतीसाठी जंगल जाळले, भाजावळीसाठी दरसाल टहाळ तोडला, की चार पावसाळ्यांत ती खाडीत जाते.

अशी जमीन परत मिळते का? उतारांवर मिळाली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेल्या काजूची मुळे जांभ्याच्या भेगांत शिरतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने चांगल्या जाती दिल्या, आणि १९९० पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळाले. कित्येक बोडके उतार त्यातून हिरवे झाले.

पण सगळा सडा 'पोटखराबा' समजून तिथे सुरुंगाने खड्डे पाडणे मला पटत नाही. सडा आणि धुपलेला उतार एक नव्हेत. सड्यावर दीपकाडी, सीतेची आसवे, गेंद फुलतात. कुडोपीला तर प्राचीन कातळशिल्पे आहेत. जांभ्यात मुरलेले पाणीच पायथ्याच्या विहिरींना पुरते.

पहिल्या मोठ्या पावसात वर्गाला घेऊन दोन बाटल्या भराव्यात, एक काजूबागेखालच्या वहाळाची, दुसरी बोडक्या उताराखालची. रात्रभर ठेवून तळाचा गाळ पट्टीने मोजावा.