ऑनलाइन दुकानातील उत्पादन-दृश्यता

ऑनलाइन दुकानातील एखादी वस्तू ग्राहकाला कोठे दिसावी आणि कोठे दिसू नये, हे ठरवण्याची व्यवस्था. २०११ साली आलेल्या वूकॉमर्स या वर्डप्रेसवरील मुक्तस्रोत प्रणालीत प्रत्येक उत्पादनाला यासाठी चार पर्याय असतात: दुकानाची यादी व शोध दोन्हींत, फक्त यादीत, फक्त शोधात, किंवा लपलेले. यांतील ‘लपलेले’ या पर्यायाबद्दल मोठा गैरसमज आहे. तो निवडल्यावर वस्तू यादीतून आणि शोधातून जाते. तिचे पान मात्र जागेवरच राहते आणि थेट दुवा असलेल्या कोणालाही ती विकत घेता येते. म्हणून घाऊक ग्राहकांसाठीचा गुप्त दर असा लपवून ठेवणे धोक्याचे आहे. त्यासाठी पानाला पासवर्ड लावावा.

मग या पर्यायाचा उपयोग काय, असा आक्षेप येतो. उपयोग आहे: एखाद्या संचाचा सुटा भाग, किंवा निवडक ग्राहकांना दुवा पाठवून विकायची वस्तू यादीत गर्दी न करता विकता येते. साठा संपलेल्या वस्तूंसाठी वेगळी सोय आहे. एका खुणेने त्या सगळ्या यादीतून आपोआप हटतात. नसलेला माल दाखवून ग्राहकाला का चिडवावे, हा दुकानदाराचा मुद्दा रास्तच. पण माल पुन्हा येणार असेल तर वस्तू ‘साठा संपला’ या शेऱ्यासह दिसू देणे अधिक योग्य, कारण ती न दिसल्यास दुकानात हा माल मिळतच नाही, अशी ग्राहकाची समजूत होते.